मंडळीचं मेंढरू

शलमोन आढाव यांनी मेंढरू आणलं ते चांगल्या हेतूनं, हे त्यांच्या शत्रूलाही कबूल करावं लागेल. शत्रू एकच होता, आणि तो चर्चमध्ये पहिल्याच बाकावर बसायचा.

त्यांचं नाव दानिएल रणपिसे. मिलमधून जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम म्हणून निवृत्त झालेले आणि चर्चच्या पंचकमिटीतले सगळ्यांत जुने सभासद. उभी हयात मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं. पाळकसाहेबांचा, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचा उपदेश त्यांच्यापर्यंत पोचत नसे. ही गोष्ट कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून ते अधूनमधून मान डोलावत, आणि नेमकी पाळकसाहेब खोकायला थांबले की डोलावत. पण मागच्या खोलीत एखाद्या पोराच्या हातून पेन्सिल पडली की ती त्यांना ऐकू येई. या कानांचा उलगडा अजून कुठल्या डॉक्टरला झालेला नव्हता.

मागच्या खोलीत शब्बाथशाळा भरायची. मोठ्यांची उपासना चालू असताना लहान मुलांना पवित्र शास्त्रातल्या गोष्टी सांगायचा हा रविवारचा वर्ग शलमोनराव चालवत. बाकीचे दिवस ते सोलापूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कारकून होते. कुठलीही वस्तू गोणपाटात नीट शिवली आणि तिच्यावर ठळक पत्ता लिहिला, की तिची काळजी करायचं कारण उरत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. पोरांना ही सोय लागू पडत नाही, एवढीच त्यांची अडचण होती. त्यांना आणि त्यांच्या पत्नी विजयमालाबाईंना स्वतःचं मूल नव्हतं. त्या दुःखाविषयी ते बोलत नसत, पण रविवारी ते इतर दिवसांपेक्षा लवकर उठत, इस्त्रीचा शर्ट घालत आणि खिशात पेपरमिंटच्या गोळ्या भरून निघत. या वर्गावर त्यांचा फार जीव होता.

रेल्वेचा मोठा संप मिटला त्या वर्षीच्या थंडीत एका रविवारी उपासना संपताना जाहीर झालं, की मंडळीनं चहासाठी थांबावं. आता मंडळी हा शब्द ख्रिस्ती लोकांत वजनाचा. चर्च ही नुसती इमारत. तिच्यात प्रार्थनेला जमतात ते लोक म्हणजे मंडळी. पोरांनी ही सूचना ऐकली आणि ती चहाच्या रांगेत येऊन उभी राहिली. रणपिसे त्यांना म्हणाले, "चहा मंडळीसाठी आहे. तुम्ही अजून मंडळी नाही. मोठे व्हा, दृढीकरण घ्या, मग या."

दृढीकरण म्हणजे मोठेपणी मंडळीत रीतसर सामील करून घ्यायचा विधी. चहा थोडा होता आणि रणपिशांच्या मनात तेवढंच होतं, असं पुढे पुष्कळ जणांनी सांगितलं. पण पोरं रांगेतून बाजूला झाली. त्यांच्यात तबिथा होती, चर्चची घंटा वाजवणाऱ्या शिपायाची मुलगी, आठ-नऊ वर्षांची आणि प्रश्न विचारण्यात वकिलाला हरवणारी. ती सरळ शलमोनरावांसमोर येऊन उभी राहिली.

"मास्तर, आमी मंडळी न्हाय, तर मंग कोन हाव?"

शलमोनरावांनी तिला पेपरमिंट दिली. प्रश्नाचं उत्तर म्हणून पेपरमिंट पुरी पडत नाही, हे त्यांना घरी जाऊन हात-पाय धुताना जाणवलं. पुढच्या रविवारी निम्मी पोरं आली नाहीत. त्यापुढच्या रविवारी तर शलमोनराव, तबिथा आणि तिचं कडेवरचं भावंड एवढाच वर्ग भरला. बाकीची पोरं मैदानावर चेंडू-फळी खेळत होती, आणि तिथे आधी मोठं होऊन या असं त्यांना कुणी म्हणत नव्हतं.

पंचकमिटीत रणपिशांनी मुद्दा मांडला, की पोरं येत नाहीत तर खोली अडवून कशाला ठेवायची, लग्नाच्या खुर्च्या तरी ठेवू. पाळकसाहेब मऊ स्वभावाचे होते. त्यांनी "बघू" म्हटलं आणि निर्णय नाताळानंतरच्या सभेवर ढकलला. तोवर पोरं परत आली तर वर्ग राहील, नाहीतर खुर्च्या येतील, असं ठरलं. शलमोनराव त्या दिवशी घरी जेवले नाहीत. विजयमालाबाईंनी कारण विचारलं तर म्हणाले, पोट जड आहे.

त्या जड पोटातूनच मेंढराची कल्पना निघाली. खोलीच्या भिंतीवर हरवलेल्या मेंढराचं एक जुनं विलायती चित्र होतं. मेंढपाळ हरवलेलं मेंढरू शोधून खांद्यावर घेऊन येतो, अशी ती गोष्ट. शलमोनराव ती दरवर्षी सांगत आणि पोरं दरवर्षी जांभया देत. तर मग खरंच एक मेंढरू आणावं, पोरांनी ते पाळीपाळीनं सांभाळावं, मग एक दिवस ते लपवून पोरांना शोधायला लावावं. सापडल्यावर पोरांना जो आनंद होईल, तो त्यांना कितीही मोठी झाली तरी विसरता येणार नाही, असा बेत त्यांनी आखला. धडा झाल्यावर मेंढरू परत पाठवायचं होतं. कागदावर तरी या बेतात कुठे खोट दिसत नव्हती.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. शेजारच्या काशम्मा भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "याक्री मास्तर, का म्हनून? पोरास्नी गोष्ट सांगायला जनावर कशाला लागतंय? आमच्यात एवढी पुरानं सांगत्यात, म्हनून कुनी घरात हत्ती बांदत न्हाय." कोपऱ्यावरचे किराणावाले वीरभद्रप्पा व्यवहारी माणूस. ते म्हणाले, "मेंढरू नको, शेळी घ्या की. धर्म बी होतोय आन् चहाला दूध बी." शलमोनरावांनी त्यांना समजावलं, की गोष्टीत मेंढरूच आहे, शेळी घालता येत नाही. वीरभद्रप्पांनी मान हलवली आणि पुडी बांधता बांधता शेजारच्या गिऱ्हाइकाला सांगितलं, की मास्तरांचा धर्म चांगला आहे पण जरा नुकसानीत चाललाय.

विजयमालाबाईंचे भाऊ रावजी केम या गावी शेती करत. त्यांना निरोप गेला आणि त्यांनी एक मेंढरू गार्डाच्या डब्यातून पाठवून दिलं. ते सोलापूरला उतरलं तेव्हा पार्सल ऑफिसात शलमोनरावांचीच पाळी होती. ज्याच्या नावाचं पार्सल त्याच्याच हातात द्यायचं, हा नियम त्यांनी आजवर भल्याभल्यांना ऐकवला होता. बापाचं पार्सल न्यायला आलेल्या मुलांना परत पाठवलं होतं, आणि एकदा एका नवरदेवाला त्याच्याच वरातीचे फटाके दिले नव्हते. तेव्हा त्यांनी काउंटरच्या बाहेर येऊन स्वतः सही केली, मग आत जाऊन ती नीट तपासली आणि मगच मेंढरू ताब्यात घेतलं. हमाल बघत होते, पण त्यांच्यापैकी कुणाला हसायचा धीर झाला नाही.

मेंढरू बघून पोरांची पहिली प्रतिक्रिया वाईट झाली. चित्रातलं मेंढरू कापसाच्या ढिगासारखं पांढरं होतं. हे काळं कुळकुळीत, लोंबत्या कानांचं आणि चेहऱ्यावरून कुणावर तरी रागावल्यासारखं दिसत होतं.

"मास्तर, ह्ये खरं मेंढरू हाय का?" तबिथानं विचारलं.

शलमोनराव म्हणाले, की सोलापूर जिल्ह्यात खरं असंच असतं. मग त्यांनी आपलं तयार केलेलं भाषण केलं. हे मेंढरू माझं नाही, तुझं नाही, त्याचं नाही. हे मेंढरू मंडळीचं आहे. आपण फक्त त्याला सांभाळायचं. हे वाक्य पुढे आपल्याला केवढ्याला पडणार आहे, याची त्यांना तेव्हा कल्पना नव्हती.

नावावरून वाद झाले. अब्राहाम, इसहाक वगैरे नावं पाळकसाहेबांनी नको म्हणून सांगितली, कारण त्या नावांची माणसं दर रविवारी समोर बसलेली असत. शेवटी केमहून आलं म्हणून पोरांनी त्याला केमकर म्हणायला सुरुवात केली. केमकर एकेक दिवस एकेकाच्या घरी मुक्कामाला जाऊ लागला. एका घरी त्यानं मागावरून नुकत्या उतरलेल्या चादरीची दशी खाल्ली, दुसऱ्या घरी गीतांच्या पुस्तकातली नाताळची गाणी तेवढी खाल्ली आणि काशम्मांनी वाळत घातलेल्या सांडग्यांचा निकाल लावला. एका रविवारी तर त्यानं रणपिशांच्या खिशातून बाहेर आलेला सूचनांचा कागद ओढला, आणि त्या दिवशी मंडळीला काहीच जाहीर झालं नाही. उपासना लवकर सुटली म्हणून बऱ्याच जणांनी केमकरला गूळ दिला.

मात्र पोरं परत आली. नुसती आली नाहीत, वेळेआधी येऊन बसू लागली. केमकरला कुणी पाजलं, कुणी चारलं, तो कुणाच्या दारात शिंकला याच्या चर्चा करू लागली. त्यांच्यासोबत गल्लीतली चार दुसरी पोरंही येऊन बसत आणि शलमोनराव त्यांनाही पेपरमिंट देत. त्या दिवसांत ते पार्सल ऑफिसात गिऱ्हाइकांशी इतकं गोड बोलू लागले, की वरिष्ठांनी त्यांना तब्येत विचारली.

मग धड्याचा रविवार आला. पहाटेच शलमोनरावांनी केमकरला गुपचूप नेऊन काशम्मांच्या घरामागे नळाच्या पाइपला बांधलं. रेल्वेची पेटी बांधताना मारतात ती गाठ मारली. वर्गात येऊन त्यांनी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, की आपलं मेंढरू हरवलं आहे. पोरांचे चेहरे उतरले. दोघं-तिघं रडायला लागली. धडा रंगतोय हे बघून शलमोनरावांना समाधान वाटलं. ते पुढे म्हणाले, की घाबरू नका, चांगल्या मेंढपाळाला आपलं मेंढरू कुठं असेल ते मनातून ठाऊक असतं.

"ठावं असतंय, तर मग आमाला कशाला हुडकायला लावताय?" तबिथा म्हणाली.

शलमोनराव दाराकडे वळले. वरात निघाली. आधी दोन-तीन चुकीच्या गल्ल्या हिंडवून मग शलमोनरावांनी पोरांना काशम्मांच्या घरामागे आणलं आणि हात पसरून बाजूला झाले. तिथे नळाचा पाइप होता. पाइपाखाली पाणी ठिबकत होतं. बाकी काही नव्हतं.

काशम्मा बाहेर आल्या. मेंढराला त्या कानडीत कुरी म्हणत. "ती कुरी व्हय? उन्हात बांदलेली हुती बिचारी. मीच सोडली. मुकं जनावर, पाप लागतंय की." गाठीचं काय केलंत, असं शलमोनरावांनी तशाही स्थितीत विचारलं. काशम्मा म्हणाल्या, की विळीनं कापली.

आता मात्र मेंढरू खरोखरच हरवलं होतं आणि मेंढपाळाला काहीही ठाऊक नव्हतं. ऊन चढेपर्यंत शलमोनराव आणि पोरं शुक्रवार पेठ पालथी घालत होती. शेवटी वीरभद्रप्पांनी हाक मारून सांगितलं, की मंडईत एका काळ्या मेंढरानं मेथीच्या जुड्यांवर ताव मारला, भाजीवाले चिडले आणि त्याला कोंडवाड्यात नेलं. वर "शेळी असती तर घराकडं आली असती," असंही ते म्हणाले.

कोंडवाड्याच्या फाटकाशी एक टेबल होतं आणि टेबलामागे शिवशरण नावाचे कारकून बसले होते. मोकाट जनावरांना रविवार नसतो, त्यामुळे त्यांनाही नव्हता. आत दोन गाढवं, एक मोडक्या शिंगाची शेळी आणि केमकर असे उभे होते. केमकर निवांत रवंथ करत होता. पोरांनी हाका मारल्या तर त्यानं तोंड फिरवलं.

दंड भरायला शलमोनराव तयारच होते. प्रश्न दंडाचा नव्हता. शिवशरण यांनी टाक उचलून विचारलं, "मेंढरू कुनाचं?"

मागे सगळा वर्ग उभा होता. शलमोनराव म्हणाले, "मंडळीचं."

"तुमचं न्हाय?"

"नाही. मंडळीचं."

"बरं. मंडळी कुटं हायेत?"

"आत्ता पांगली असेल. उपासना केव्हाच सुटली."

शिवशरण यांनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. "पांगली असंल तर हुडकून घेऊन या की. ज्याचं जनावर त्याच्याच ताब्यात द्यायचं, असा नियम हाय."

या नियमाविरुद्ध बोलायला शलमोनरावांना तोंड नव्हतं. उलट असा कारकून अजून शिल्लक आहे, याचं त्यांना बरं वाटलं. त्यांनी नम्रपणे विचारलं, "सगळ्यांना आणावं लागेल का?"

"सगळ्यांना म्हंजे? किती हायेत?"

"दोनशेच्या वर," शलमोनराव म्हणाले, आणि खरं तेच सांगावं म्हणून पुढे म्हणाले, "नाताळला वाढतात. बाहेरगावच्याही येतात."

शिवशरण यांनी टाक खाली ठेवला. भाजीच्या पाट्या घेऊन चाललेल्या दोन बायका फाटकाशी थांबल्या. शिवशरण आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, तुमी रेल्वेत हाव न्हवं? सरकारी मानसाला दुसरी सुदीक चालत न्हाय म्हनत्यात."

"नोकरीच्या वेळेत मी काही करत नाही," शलमोनराव जरा दुखावून म्हणाले. "जे काय ते रविवारी."

"आन् एवढ्यास्नी पाळतंय कोन?"

"पाळकसाहेब."

"म्हंजे तुमी न्हाय, दुसराच कोन?"

"अर्थात. पण ते आज एका बाप्तिस्म्यासाठी मोडनिंबला गेलेत."

शिवशरण यांनी कपाळावरचा घाम पुसला. मग ते शांतपणे म्हणाले, की तुमच्या घरचं तुम्ही बघा, आपल्याला त्यात पडायचं नाही. पण मंडळींपैकी कुणी आलं नाही तर उद्या लिलाव आहे, आणि लिलावाला खाटीक येतो. हे शेवटचं वाक्य पोरांनी नीट ऐकलं. कुणी रडलं नाही. ती सगळी फाटकाच्या गजांना धरून खाली बसली.

शलमोनराव धावत रणपिशांकडे गेले. मंडळीतर्फे सही करील असा पाळकसाहेबांनंतरचा माणूस तोच. रणपिसे जेवून आडवे झाले होते. त्यांना सगळं दोनदा ओरडून सांगावं लागलं. ऐकून ते म्हणाले, "मंडळीच्या सभेत मेंढराचा ठराव झालेला नाही. सबब ते मंडळीचं नाही." आणि कुशीवर वळले.

घरी विजयमालाबाई ताट वाढून बसल्या होत्या. नवऱ्यानं हकिकत सांगितली. "मंडळींना घेऊन या म्हणाले?" त्यांनी विचारलं. शलमोनराव "हो" म्हणाले. बाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. का हसल्या, हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं, केस विंचरले आणि म्हणाल्या, "चला, मी येते."

त्यांना बघून शिवशरण खुर्चीवरून उठले. "या वैनी. ह्या मंडळी न्हवं का?" त्यांनी टाक पुढे केला. सगळं तिथेच मिटणार होतं. बाईंनी टाक घेतलाही. पण शलमोनरावांची नजर फाटकाशी बसलेल्या पोरांकडे गेली. मागच्याच रविवारी त्यांनी या पोरांना खोटं न बोलण्याविषयी शिकवलं होतं, आणि ते शिकवताना स्वतः भारावले होते.

"नाही," ते म्हणाले. "ही मंडळी नव्हे. मंडळीतली एक आहे."

शिवशरण यांनी टाक परत घेतला. "मंग बाकीच्यांची कबुली लागंल."

विजयमालाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं. "मी मंडळी नव्हे?" त्या म्हणाल्या आणि पलीकडच्या दुकानाच्या पायरीवर पाठ करून बसल्या. आपण काय वाईट बोललो, हे शलमोनरावांना काही केल्या कळेना.

तबिथा उठून जवळ आली. तिचे पाय धुळीनं माखले होते. "मास्तर, रणपिसे आजोबा म्हनले आमी मंडळी न्हाय. तुमी म्हनता ह्या मामी मंडळी न्हाय. पाळकसाब मोडनिंबला. मंग केमकर हाय तरी कुनाचा?"

शलमोनरावांनी खिशात हात घातला. पेपरमिंट होती. पण त्यांना ती काढवेना. आपण या पोरांना एवढे दिवस एका खोलीत बसवून गोष्टी सांगितल्या आणि त्यातली एकही यांना स्वतःच्या घरची वाटली नाही, असं त्यांच्या मनात आलं. ते त्या धुळीत, इस्त्रीच्या विजारीनिशी, पोरांमध्ये खाली बसले.

"तुमचा आहे," ते म्हणाले. "तुम्हीच मंडळी आहात. कुणी काही म्हणो."

"आसं आजोबास्नी सांगा की," तबिथा म्हणाली.

सांगायला जावं लागलं नाही. पाट्यावाल्या बायकांनी ऐकलेलं मंडईत सांगितलं, मंडईतून ते काशम्मांकडे गेलं आणि काशम्मा तडक रणपिशांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मास्तरला दोनशे बायका निघाल्या आणि त्याला कोंडवाड्यात घातलंय, असं त्यांनी इतक्या मोठ्यानं सांगितलं, की रणपिशांना पहिल्याच वेळी ऐकू गेलं. मंडळीच्या अब्रूचा प्रश्न होता. टोपी घालून, काठी घेऊन ते टांग्यातून कोंडवाड्यावर आले. तोवर फाटकाशी बरीच गर्दी जमली होती.

"मंडळी म्हणजे बायको नव्हे," त्यांनी टांग्यातून उतरता उतरताच शिवशरण यांना सुनावलं. कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा आवाज असतो तसा त्यांचा आवाज पार पलीकडच्या चौकात गेला. शलमोनरावांना आत्ता कुठे सगळा उलगडा झाला. त्यांचे कान लालबुंद झाले आणि पायरीवरच्या पाठीकडे बघायची त्यांना हिंमत होईना.

रणपिसे मात्र रंगात आले होते. इतके श्रोते त्यांना कधी मिळाले नव्हते. मंडळी म्हणजे दगड-विटांची इमारत नव्हे, ते म्हणाले. देवानं हाक मारली आणि जे जे आले, ते सगळे मिळून मंडळी. त्यात गरीब आले, श्रीमंत आले, शिकलेले आले, अडाणी आले. जो आला त्याला तिथे मागे लोटायचं नसतं. गर्दीतल्या एकानं "बराबर हाय" म्हटलं. रणपिशांनी त्याच्याकडे बघून मान डोलावली.

शिवशरण यांनी सगळं मन लावून ऐकलं. "म्हंजे हाक मारली आन् आले, ती मंडळी."

"बरोबर समजलात."

"मंग ही पोरं कवाधरनं हितं हायेत." त्यांनी टाकानं पोरांकडे दाखवलं. "पानी सुदीक प्याली न्हाईत. तुमच्यातलं दुसरं कुनी मेंढराकडं फिरकलं न्हाय. ह्यास्नी काय म्हनायचं, ते सांगा. मी तसं लिवतो."

 रणपिशांनी पोरांकडे पाहिलं. शलमोनराव जमिनीवरून उठायचं विसरले होते.  पोरं नुसती वर बघत राहिली. या पोरांतल्या बऱ्याच जणांना त्यांच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी रणपिशांनी स्वतःच्या हातांवर घेतलं होतं. म्हाताऱ्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. सभेतली ठेवणीतली भाषा त्यांना आता सापडेना.

"व्हय," ते शेवटी मिलमधल्या जुन्या बोलीत म्हणाले. "हीच मंडळी हाय. मी बी ह्यांच्यातलाच येक. लिवा तसं."

शिवशरण यांनी लिहिलं. शलमोनरावांनी दंड भरला. सगळ्या पोरांनी एकमेकांना ढकलत नावं सांगितली आणि खाली रणपिशांनी सही केली. केमकरला बाहेर आणलं तेव्हा पोरांनी एवढा गलका केला, की पलीकडची गाढवं ओरडायला लागली. त्या गलक्यात रणपिसे शलमोनरावांच्या कानाशी वाकले. "येत्या रविवारी ह्यांना आत घेऊन ये. गाणी, प्रार्थना सगळं आपल्यासंगं होऊ दे. मग गोष्टीपुरते खोलीत ने. खुर्च्यांचं आपण दुसरीकडं बघू."  शलमोनरावांनी रणपिशांचे हात धरले, आणि त्यांचे डोळे भरून आले ते सगळ्यांनी पाहिलं.

मग ते पायरीकडे गेले. भर गर्दीत, मोठ्या आवाजात म्हणाले, "माझी मंडळी ही एकच आहे. दुसरी नाही." लोक हसले. विजयमालाबाईंनी तोंड वळवलं नाही, पण लुगड्याची धूळ झटकून उठल्या आणि चालताना त्यांच्या बरोबरीनं चालू लागल्या.

सगळे निघाले. पुढे केमकर, त्याच्या दाव्याला धरून आठ-दहा पोरं, मागे विजयमालाबाई आणि शलमोनराव. रणपिशांनी टांग्याच्या पायरीवर पाय ठेवला. तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं, की तबिथा आलेली नाही. ती अजून फाटकाशी गज धरून उभी होती आणि त्या मोडक्या शिंगाच्या शेळीकडे बघत होती.

"काका, हिची मंडळी कुटं हाय?" तिनं शिवशरण यांना विचारलं.

"तिला कुनी न्हाय, बाळ. लई दिस वाट बगितली. कुनी आलंच न्हाय. उद्या लिलावात निगंल."

 तबिथा फाटकापासून हलली नाही. एकेक करून बाकीची पोरं मागे फिरली आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मग सगळ्यांनी मिळून वळून रणपिशांकडे पाहिलं. शलमोनरावांनी घाईघाईनं सांगायला सुरुवात केली, की गोष्टीत शेळी नाहीये. त्यांचं कुणी ऐकलं नाही.

रणपिशांनी टांग्याच्या पायरीवरचा पाय खाली घेतला. काठी टेकत ते टेबलापाशी परत आले आणि शिवशरण यांना म्हणाले, "उद्याचा लिलाव किती वाजता असतो?"